वाकून ये

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर इथेच थांबा. "विरळ हवेत भास होतात हो ताई," अशी समजूत घालायला कुणी येऊ नका. मी याच हवेत जन्मले. एकोणचाळीस वर्षं हीच हवा खातेय. भास तुम्हाला होतात, विमानातून उतरल्यावर.

माझं नाव कुन्झेस. लडाखातल्या एका गावात माझं घर आहे आणि उन्हाळ्यात त्यातल्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर पाहुणे यायचे बंद होतील, आणि आमचा हंगाम आधीच चार महिन्यांचा. लेहहून गाडीने पाच तास, मग नदीवरचा लाकडी पूल, पुलापासून तिसरं घर. एवढं पुरे.

वेळ मात्र नेमकी सांगते. गेल्या वर्षीचा सप्टेंबर, दुसरा गुरुवार.

मध्यरात्र नव्हती. अमावस्या नव्हती. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. ऊन डोंगराआड गेलेलं, पण आकाशात चांगला उजेड होता. आमच्या गावात वीज सात वाजता येते. त्याच्या आधीचा तो अर्धा तास.

तो अर्धा तास मी अजूनही रोज मोजते...

आधी दाराचं सांगायला हवं.

आमच्याकडे जुन्या घरांची दारं बुटकी असतात. पाहुण्यांना वाटतं, थंडी आत येऊ नये म्हणून. तेही आहेच. पण खरं कारण इथलं शेंबडं पोरही सांगेल. रोलांग. म्हणजे उठलेलं मढं. ते बोलत नाही, मान वळवत नाही आणि त्याला वाकता येत नाही. ताठ चालत येतं, बुटक्या दाराशी अडतं आणि परत फिरतं. पण एकदा का आत आलं आणि कुणाच्या डोक्यावर हात ठेवला, तर तो माणूसही त्याच्यासारखाच होतो.

म्हणून दारं बुटकी. शेकडो वर्षं.

आणि मी माझ्या घराचं दार उंच करून घेतलं.

स्वतःच्या मर्जीने. कुणी भरीस घातलं नव्हतं.

जूनमध्ये सुताराला बोलावलं. पुन्चोक त्याचं नाव. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला आचो म्हणते, थोरला भाऊ. तो मला नोमो म्हणतो, धाकटी बहीण. दार उंच करायचंय म्हटल्यावर त्याने करवत खाली ठेवली.

"नोमो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"डोकी फुटतायत पाहुण्यांची. एकाने फोनवर काय लिहिलंय वाच. 'घर छान, जेवण छान, टेंगूळ मोफत.' हे वाचून कोण येईल?"

"मग दारावर पाटी लाव, 'वाकून या' म्हणून."

"शाळा आहे का माझी? तुला करायचं नसेल तर सांग. नेपाळी मिस्त्री पुलावर बसलेत, ते अर्ध्या दिवसात करून देतील."

त्याने केलं. कुरकुरत केलं. चौकट दीड हात वर गेली. जुन्या चौकटीवरचं आडवं लाकूड त्याने कापून काढलं आणि चुलीसाठी फोडायला घेतलं, तेव्हा मात्र मी त्याच्या हातातून ते हिसकावून घेतलं.

"हे राहू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग लाकडाकडे बघितलं. लाकडाच्या मधोमध काळा, तेलकट डाग होता, तळहाताएवढा. तो डाग कसला ते त्याला ठाऊक होतं. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

तो डाग माझ्या नवऱ्याच्या कपाळाचा.

गुरमेत त्याचं नाव. गावातला सगळ्यात उंच माणूस. दारातून येताना वाकायचा, पण पुरता कधीच वाकला नाही. अकरा वर्षांच्या संसारात रोज एकदा तरी ठक्! मग त्या लाकडालाच दटावायचा, "तू सरक, नाहीतर मी सरकतो." मी चुलीपाशी बसून हसायची. तो आवाज आला की चहा कपात ओतायचा, हे ठरलेलं.

आदल्या वर्षीच्या जानेवारीत तो वरच्या कुरणातून याक आणायला गेला आणि बर्फात अडकला. नवव्या दिवशी सापडला. एका कड्याला पाठ टेकून उभा. हात दोन्ही बाजूंना. उभ्याउभ्याच गोठलेला.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला घरचे हात लावत नाहीत. फासपुनची माणसं सगळं करतात. फासपुन म्हणजे मरणाधरणाला धावून येणारी, एकच कुलदैवत मानणारी पाच-सहा घरं. पुन्चोक आमच्या फासपुनातला. ते मढ्याचे गुडघे छातीशी घेतात, बसलेलं बांधतात, घरात ठेवतात, लामा पोथी वाचतात, आणि मग बसलेलंच जाळायला नेतात.

गुरमेत वाकेना.

गुडघे दुमडेनात. मान हलेना. आणि मग ठरलं, की न वाकणारं शरीर उंबरठ्याच्या आत घ्यायचं नाही. आधी सैल होऊ दे, मग बघू. जानेवारीत, उघड्या अंगणात, कुठलं सैल होणार? तीन रात्री तो अंगणात गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी ताडपत्रीखाली पडून होता. स्वतःच्या घराच्या बाहेर. मी पाया पडले, शिव्या दिल्या, दाराची चौकट लाथेने तोडायला निघाले. चार बायकांनी मला धरून ठेवलं.

चौथ्या दिवशी त्याला आडवाच नेला.

आता कळलं, दार कुणासाठी उंच केलं ते?

पाहुणे हे निमित्त होतं. मी खोटं बोलले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

घरात आम्ही दोघीच. मी आणि माझी सासू, आमा-ले. पंच्याहत्तरीची. मूलबाळ नाही. दार उंच झालं त्या दिवशी आमा-ले जपाचं चक्र फिरवत अंगणात बसली होती. तिने एकदा वर बघितलं आणि एवढंच म्हणाली, "कुन्झेस, जो वाकत नाही तो आपला नसतो."

"पाहुण्यांसाठी आहे, आमा-ले."

"हो का?" ती म्हणाली आणि चक्र फिरवू लागली.

पहिली खूण जुलैत दिसली.

आमचा कुत्रा उंबरठ्यावर झोपायचा, तो झोपेना. संध्याकाळ झाली की पुलापर्यंत जाऊन बसायचा, वीज आल्यावर परत यायचा.

मग ऑगस्टात...

दाराला जाड पडदा आहे, कापडाचा. कुणी आत आलं तर तो मधून बाजूला होतो. त्या संध्याकाळी तो फक्त वरून बाजूला झाला. अगदी वरून. खालचा भाग जागचा हललाही नाही.

वारा नव्हता.

मी उठून बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. पण उंबरठ्याच्या आतल्या बाजूला चिमूटभर बर्फ पडला होता. भर ऑगस्टात, जर्दाळू वाळत घातले होते तेव्हा.

मी बोट लावलं. बोट गार पडलं. चांगला करकरीत बर्फ होता.

तुम्हाला वाटेल मी किंचाळले. मुळीच नाही. मला आनंद झाला. इतका, की मी हाताने तोंड दाबून हसले आणि मग रडले. दुसऱ्या दिवसापासून मी चुलीपाशी त्याचा कप मांडायला लागले. लोण्याचा खारा चहा, काठोकाठ, त्याला लागायचा तसा. वीज आली की बघायची. चहा तसाच असायचा, पण वर बर्फाची पातळ साय धरलेली.

आमा-ले ते बघायची. चक्र फिरवत राहायची.

सप्टेंबरात ती दोघं आली.

तमाल आणि झिनुक. भाऊ-बहीण, बराकपूरचे. तीन रात्री, चार दिवस, आणि स्वस्तात स्वस्त. लेहहून टपाल नेणाऱ्या गाडीत, मालाच्या पोत्यांवर बसून आले. बरोबर कुरमुऱ्यांची एवढी मोठी पिशवी आणि मोहरीच्या तेलाची बाटली, म्हणजे दुपारचं जेवण विकत घ्यायला नको. झिनुक आल्याआल्या म्हणाली, "दीदी, गरम पाणी एकच बादली द्या. आम्ही वाटून घेऊ. म्हणजे एकाच बादलीचे पैसे झाले ना?" मला ती पोरगी तिथेच आवडली.

तमाल ताडमाड उंच. दारातून आत आला आणि थबकला. मागे वळून चौकटीकडे बघितलं.

"दीदी, अख्ख्या लडाखच्या दारांनी मला प्रसाद दिलाय. तुमचंच दार तेवढं माणसात आहे."

"माझ्या नवऱ्याच्या मापाचं आहे," मी बोलून गेले.

आमा-लेच्या हातातलं चक्र थांबलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोठ्यात होते. झिनुक हात हलवत आली.

"दीदी, दादा घरी आलेत."

"कोण दादा?"

"तुमचे मिस्टर. दारात उभे आहेत. मी जुले म्हणून नमस्कार केला, तर बोललेच नाहीत. रागावलेत का? आम्ही जास्त पाणी वापरलं म्हणून?"

माझ्या हातातून दुधाची चरवी सुटली.

"कसा दिसतो?"

"म्हणजे?" ती हसली. मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. "उंच आहेत. ताठ उभे होते. आई आम्हाला भिंतीला टेकवून उंची मापायची ना, तसे. पुढेच बघत होते. मी बाजूने गेले तरी... मान नाही वळवली."

मी धावत घरी आले.

दारात कुणी नव्हतं. उंबरठ्यावर बर्फ होता. या वेळी चिमूटभर नव्हता. ओंजळभर होता, आणि उंबरठ्यापासून एक पाऊल आत.

त्या रात्री पाहुणे खोलीत गेल्यावर आमा-लेने मला समोर बसवलं.

"उद्या पुन्चोकला बोलाव. दार खाली घे."

"नाही."

"पोरी, घरात परकी माणसं आहेत."

"आणि तो परका आहे का? तुमचा मुलगा आहे ना तो? पोटचा?" माझा आवाज चढला. "तुमच्या त्या चार म्हाताऱ्यांनी त्याला कुत्र्यासारखा अंगणात ठेवला. तीन रात्री! आता तो स्वतःच्या पायांनी येतोय, तर पुन्हा दार लावू?"

आमा-लेने चुलीत एक गोवरी सारली.

"म्हाताऱ्यांनी नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं, आत घेऊ नका म्हणून."

मी ताडकन उठून उभी राहिले.

"मी आई आहे. मला काय काळीज नाही? पण घरात तू होतीस. नऊ दिवस पोटात अन्न नाही, वेड लागल्यागत त्याला मिठी मारायला धावत होतीस. जो गेला तो गेला होता. जी आत होती तिला मी सांभाळलं. आता मला शिव्या घाल हवं तर."

मी घातल्या. खरंच घातल्या. त्या रात्री मी तिला काय काय बोलले, ते इथे लिहिणार नाही. ती ऐकत राहिली. शेवटी उठताना म्हणाली, "तो गुरमेत असता तर चहा प्यायला असता, कुन्झेस. नुसता थिजवला नसता."

हे मात्र मला लागलं.

तिसरा दिवस. गुरुवार.

सकाळी तमाल आणि झिनुक गोंपा, म्हणजे आमचा मठ, बघून आले. दुपारी ओढ्यावर कपडे धुतले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते जाणार होते. मी स्वतःशी म्हटलं, आजची एकच संध्याकाळ. ती गेली की घर आमचं.

साडेसहा वाजले.

झिनुक अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. तमाल स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या गालिच्यावर मांडी घालून बसला होता. मांडीवर कुरमुऱ्यांचं पातेलं. पाठ दाराकडे. आमा-ले कोपऱ्यात जप करत होती. मी चुलीकडे तोंड करून पीठ मळत होते.

"दीदी, तुम्ही कधी समुद्र बघितलाय?" त्याने विचारलं.

"नाही रे. एवढं पाणी करायचंय काय?"

तो हसला. आणि हसता हसता...

थांबला.

मला आधी कळलंच नाही काय झालं. मग जाणवलं, ओढ्याचा आवाज येत नाहीये. आमच्या घराला ओढ्याचा आवाज रात्रंदिवस असतो, जानेवारीतसुद्धा बर्फाखालून येतो. तो नव्हता. चुलीची फरफर नव्हती. आमा-लेच्या चक्राची करकर नव्हती.

कानात कापूस घातल्यागत सगळं बंद.

"दीदी..." तमालचा आवाज फार हळू आला. "माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवलाय का?"

मी वळले.

त्याच्या मागे कुणी नव्हतं. पण त्याचे ते कुरळे, भरघोस केस टाळूवर दाबले गेले होते. चपटे. पंजा ठेवावा तसे. पाच बोटांच्या जागा मला वेगवेगळ्या दिसल्या.

त्याच्या पाठीमागे दोन हातांवर दार. पडदा वरून बाजूला झालेला.

आणि पडद्याखाली बूट...

डाव्या बुटाला लाल नाडी. जुनी तुटली होती म्हणून माझ्या लोकरीच्या गुंड्यातली मीच बांधून दिली होती. त्याच सकाळी, तो वर गेला त्या सकाळी.

माझा गुरमेत.

मी एक पाऊल पुढे टाकलं. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी तमाल दिसतच नव्हता. मला ती लाल नाडी दिसत होती.

तेवढ्यात पातेलं पडलं. कुरमुरे घरभर झाले.

तमालची मांडी सुटत होती. तो सोडत नव्हता, आपोआप सुटत होती. गुडघे सरळ होत होते. पाय पुढे ताणले जात होते. पाठ ताठ, मान ताठ. तोंड उघडं, पण शब्द नाही. फक्त डोळे माझ्याकडे. बावीस वर्षांचं पोर. तिकडे बराकपूरला त्याची आई त्याच्या फोनची वाट बघत असणार.

मीही तशीच वाट बघितली होती. नऊ दिवस.

जुनं लाकूड मी चुलीजवळच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि दाराकडे गेले. जुनी चौकट होती त्या उंचीला, माझ्या हनुवटीशी, ते आडवं धरलं आणि रेटलं.

लाकूड चौकटीला टेकेना. मध्ये काहीतरी होतं.

भिंतीला रेटावं तसं. गार. लाकडातून माझ्या हातांत तो गारठा चढला, कोपरापर्यंत हात बधिर झाले. पडदा माझ्या नाकाला लागत होता आणि पडद्यापलीकडे श्वास नव्हता. एवढ्या जवळ कुणी उभं असलं तर श्वास लागतो ना? काहीच नाही.

"मागे हो," मी म्हटलं.

काही नाही.

"ऐकतोस का? मी कुन्झेस. तुझ्यासाठी दार उंच केलं मी. गावाशी भांडले, तुझ्या आईला नाही नाही ते बोलले. मी कुणाच्या बापाला भीत नाही आणि तुलाही भीत नाही. पण माझ्या चुलीपाशी बसलेल्या पाहुण्याच्या डोक्याला हात लावायचा नाही! काढ हात!"

तसाच दाब.

मग मला आमा-लेचा आवाज आला. त्या सगळ्या बंद झालेल्या आवाजांत तेवढाच. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने तिचे दोन्ही सुरकुतलेले हात लाकडावर, माझ्या हातांशेजारी ठेवले.

"माझा असशील तर वाक, बाळा," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण तिचा आवाज असा होता, की मला त्या क्षणी कळलं, अंगणातल्या त्या तीन रात्री ही बाई एक मिनिटही झोपलेली नाही.

मीही म्हटलं, "वाकून ये. आत्ता बाहेर हो आणि वाकून ये. वाकलास तर मी स्वतः हे लाकूड काढीन आणि तुला आत घेईन. शब्द देते. पण ताठ येणार असशील, तर मी मरेपर्यंत इथून हलणार नाही."

किती वेळ गेला माहीत नाही.

तो वाकला नाही.

पण दाब कमी झाला. एकदम नाही, हळूहळू. लाकूड पुढे गेलं आणि दोन्ही टोकांनी चौकटीला टेकलं. ठाप्.

आणि ओढा वाहू लागला. चूल फरफरली. पुलावरून कुत्र्याचं भुंकणं आलं. मागून तमाल मोठ्याने रडायला लागला. गुडघे छातीशी घेऊन, पुन्हा पुन्हा दुमडून बघत होता.

वीज आली. बरोबर सात.

झिनुक कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत आली. "काय झालं? तुम्ही दोघी दार का धरून ठेवलंय?" तिला अंगणात ना काही दिसलं होतं, ना ऐकू आलं होतं.

उंबरठ्याच्या आत दोन पावलांएवढा बर्फ होता. आमा-लेने तो झाडूने बाहेर लोटला.

पहाटे ती दोघं गेली. महिन्याने झिनुकचा निरोप आला. तमाल ठीक आहे, डॉक्टर म्हणाले उंचीवर स्नायू आखडतात. फक्त एक झालंय. आता तो कुठल्याही दारातून वाकूनच जातो. कॉलेजच्या, स्टेशनच्या, मोठ्या दुकानाच्या सुद्धा. त्याला थांबवता येत नाही. मित्र चेष्टा करतात, पण त्याला स्वतःला हसू येत नाही.

पुन्चोक दुसऱ्याच दिवशी करवत घेऊन आला होता. गावात काही लपून राहतं का?

"नोमो, झालं ना समाधान? आण ते लाकूड, परत बसवतो."

"नाही."

"अजून नाही?"

"दार उंचच राहणार. तू फक्त चौकटीला दोन्हीकडे दोन खुंट्या मार. जुन्या उंचीला."

"त्याने काय होणार?"

"साडेसहाला मी माझ्या हाताने लाकूड अडकवीन. सातला काढीन. माझं दार, माझा नवरा. तुम्ही एकदा त्याला न विचारता बाहेर ठेवलात. आता मी विचारून ठेवतेय. यात फरक आहे."

त्याने मान हलवली. खुंट्या मात्र पक्क्या मारल्या. जाताना त्याने आपला तळहात त्या काळ्या डागावर क्षणभर ठेवला.

तेव्हापासून रोज. मी आणि आमा-ले दाराच्या आत बसतो. पाहुणे असले तर त्यांना वरच्या खोलीत पाठवते आणि खाली उतरू नका म्हणून दम देते. परवाच कुणीतरी लिहिलंय, 'मालकीणबाई तापट आहेत, संध्याकाळी अर्धा तास घरात कैद.' लिहू देत.

रोज ओढ्याचा आवाज थांबतो. रोज पडदा वरून बाजूला होतो आणि लाकूड आमच्याकडे रेटलं जातं, छातीने रेटावं तसं. मी रोज एकच वाक्य म्हणते. वाकून ये. तो वाकत नाही. दाब जातो, वीज येते.

चार महिने असंच.

मग जानेवारी आला. तो गेला ती तारीख. बाहेर कमरेइतका बर्फ. ओढा थांबला. मी लाकडावर हात ठेवला आणि दाबाची वाट बघत बसले.

दाब आला नाही.

पडदा वरून बाजूला झाला नाही.

तो मधून हलला. खालून. आणि...

ठक्!

लाकडावर, मधोमध. त्या डागापाशी.

कपाळाचा आवाज. अकरा वर्षं रोज ऐकलेला. कमी वाकलेल्या माणसाचा.

माझा हात आपोआप चहाच्या भांड्याकडे गेला. आमा-लेने मनगट पकडलं. तिचे डोळे वाहत होते.

"त्याचाच आहे," ती म्हणाली. "माझ्या मुलाचाच आवाज आहे हा."

मग थोड्या वेळाने, वीज आल्यावर, चेहरा पुसून म्हणाली, "नाहीतर त्याने तो शिकून घेतलाय. रोज तूच तर शिकवतेस, वाकून ये म्हणून."

तेव्हापासून मला नीट झोप नाही.

कारण तो गुरमेत असेल, तर माझा माणूस घरी येतोय. आणि नसेल, तर जे कधीच वाकत नव्हतं ते आता वाकायला लागलंय, आणि या गावातलं एकही बुटकं दार आता कामाचं नाही. हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगतेय.

आज मे महिना आहे. ठक् रोज होतं. रोज थोडं खाली. काल लाकडाच्या अगदी खालच्या कडेला झालं. अजून दोन बोटं वाकला की तो लाकडाखालून आत.

आमा-ले म्हणते, खुंट्या खाली घेऊ. मी नाही म्हटलं. वाकलास तर आत घेईन, असा शब्द मी दिलाय, आणि मी शब्द फिरवणाऱ्यांतली नाही. तीन रात्री ज्याला बाहेर ठेवला त्याला पुन्हा फसवणार नाही. तो येईल तेव्हा लाकूड मी माझ्या हाताने काढीन. कप भरलेला असेल. तो चहा प्याला, की मला कळेल कोण आलंय ते.

सहा वाजून गेलेत. पीठ मळून झालंय. पाहुण्यांना वर पाठवलंय.

आता उठते. लोकरीच्या जाड टोप्या घालून बसतो आम्ही दोघी. कानांवरून, कपाळावरून खाली ओढून, वर रुमाल गच्च बांधून.

शब्द दिलाय, पण डोकं नाही दिलेलं.